न फुंकलेला शंख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शाळकरी मुलांच्या नेतृत्वगुणांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात विल्यम गोल्डिंग यांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीतील राल्फ या मुलाचा आदर्श नेता म्हणून गौरव केलेला आहे. लेखासोबतच्या चौकटीत राल्फच्या नावापुढे 'सभ्यता' आणि त्याचा प्रतिस्पर्धी जॅक याच्या नावापुढे 'रानटीपणा' असे लिहून मधे एक उभी रेघ ओढली आहे. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यांतली पहिली बरीच वर्षे मी स्वतः फळ्यावर हीच रेघ ओढत होतो, त्यामुळे लेखकमहाशयांना दोष देण्याचा अधिकार मला फारसा पोहोचत नाही. तरीही ती रेघ चुकीच्या जागी पडली आहे असे माझे मत झाले आहे. ओढायचीच असेल, तर ती राल्फच्या अंगावरून ओढावी लागेल.

कादंबरी १९५४ सालची. युद्धाच्या काळात मुलांना घेऊन निघालेले एक विमान कोसळते आणि एका निर्मनुष्य बेटावर फक्त मुलेच उरतात. त्यांतली मोठी बारा वर्षांच्या आसपासची, तर लहानगी सहाएक वर्षांची. गोल्डिंग हे सॉल्झबरीच्या एका शाळेत शिक्षक होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात असताना १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत त्यांनी भाग घेतला होता. त्यांना पुढे १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्या लेखात आलेच आहे. जे आले नाही ते असे, की राल्फ आणि जॅक ही दोन्ही नावे त्यांनी १८५७ सालच्या 'द कोरल आयलंड' या मुलांच्या धाडसकथेतून जाणूनबुजून उचलली होती. त्या जुन्या गोष्टीतली इंग्रज मुले बेटावरही सदाचारीच राहतात आणि क्रौर्य येते ते बाहेरून, चाच्यांच्या आणि नरभक्षकांच्या रूपाने. म्हणजे आपल्या चौकटीतली ती उभी रेघ मुळात १८५७ च्या पुस्तकाची आहे. गोल्डिंग यांनी जे पुसले, ते आपण सत्तर वर्षांनी पुन्हा गिरवतो आहोत.

राल्फ निवडून येतो कसा, हे आधी पाहावे. तो बारा वर्षे आणि काही महिन्यांचा आहे, अंगापिंडाने भरतो आहे, दिसायला देखणा आहे आणि त्याच्या हातात शंख आहे. तो शंख म्हणजे काय वस्तू आहे आणि तो फुंकायचा कसा, हे त्याला सांगितले पिगीने; पण फुंकला राल्फने, म्हणून ज्याने सगळ्यांना बोलावले तोच प्रमुख असा मुलांचा सरळ हिशेब होतो. पिगी लठ्ठ आहे, दमेकरी आहे, जाड भिंगांचा चष्मा लावतो, आईवडिलांवाचून मावशीकडे वाढला आहे आणि त्याचे इंग्रजी इतरांच्या मानाने गावंढळ आहे. डोके त्याचेच सर्वांत चांगले चालते. पण त्याला मत द्यावे हा विचारही कोणाच्या मनात येत नाही. पुण्यात वर्गावर उभा राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. 'ण'च्या जागी 'न' म्हणणाऱ्या मुलाने बरोबर उत्तर दिले, तरी वर्ग आधी हसतो आणि मग उत्तर ऐकतो, आणि हसणाऱ्यांत पुढच्या बाकावरची, पुढे वर्गप्रमुख होणारी मुलेही असतात.

राल्फचा पहिला अपराध याच जागी घडतो आणि तो इतका लहान आहे की घाईने वाचणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. बेटावरच्या पहिल्या भेटीत पिगी त्याला विश्वासाने सांगतो, की शाळेत मला एका नावाने चिडवत, ते सोडून दुसऱ्या कोणत्याही नावाने मला हाक मारलीस तरी चालेल. ते नाव काय, हे ऐकून राल्फ हसत सुटतो आणि सगळी मुले जमल्यावर, जॅकने पिगीला 'ए लठ्ठ्या' म्हणताच, याचे नाव पिगी आहे असे भर सभेत सांगून टाकतो. याहून बारीक गोष्ट अशी, की आपले खरे नाव राल्फ विचारील म्हणून पिगी थोडा वेळ वाट पाहतो. राल्फ विचारत नाही. पुस्तक संपेपर्यंत ते नाव कोणालाच कळत नाही; वाचकालाही नाही. दुबळ्याने विश्वासाने हाती दिलेली गोष्ट, चारचौघांत हशा मिळतो म्हणून उधळून टाकणे, हा रानटीपणा नसेल तर काय आहे? तोपर्यंत बेटावर डुकराच्या रक्ताचा थेंबही सांडलेला नव्हता आणि जॅकचा चेहरा स्वच्छ धुतलेला होता.

दुसरी चूक तर राजकारणातली म्हणावी अशी आहे. प्रमुखपदाची निवडणूक हरलेला जॅक लाजेने लाल होतो. तो चर्चच्या गायकवृंदाचा म्होरक्या आहे, त्याची मुले काळे झगे आणि बिल्ल्याच्या टोप्या घालून कवायतीने चालत आलेली आहेत आणि त्यांनी आपली मते, मनातून असो वा नसो, त्यालाच दिलेली आहेत. त्याची समजूत घालण्यासाठी राल्फ म्हणतो, की गायकवृंद तुझाच. आणि त्यांनी काय व्हावे हेही तूच ठरव. जॅक ठरवतो: शिकारी. म्हणजे पहिल्याच सभेत, केवळ मनाच्या मोठेपणाने आणि थोड्याशा संकोचाने, राल्फ बेटावरचा एकमेव शिस्तबद्ध गट आणि शस्त्र धरण्याचा हक्क, दोन्ही एकाच प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतो. आपल्याकडे रुसलेल्यांना खाती वाटण्याची रीत जुनी आहे, तेव्हा मराठी वाचकाने या प्रसंगावर आश्चर्य करण्याचे कारण नाही. पण त्याला औदार्य म्हणून गुण देणे, जसे आपल्या लेखात दिले आहेत, मला पटत नाही.

या मुलाच्या पदरी काही चांगले नाही असे मी म्हणत नाही. डोंगरावर सतत जाळ ठेवावा, म्हणजे धूर पाहून एखादे जहाज येईल, हा एकच विचार तो शेवटपर्यंत धरून राहतो, आणि तो विचार बरोबर आहे. पावसापाण्यासाठी झोपड्या बांधायला सगळ्यांनी होकार भरलेला असतो. पहिल्या झोपडीला सारे येतात, पुढच्यांना कमी होत जातात आणि शेवटची बांधायला राल्फ आणि सायमन असे दोघेच उरतात. सार्वजनिक काम ज्याने कधी अंगावर घेतले आहे त्याला ही गळती परिचयाची असेल. पण त्याच जाळाच्या पहिल्या दिवशी आग हाताबाहेर जाते, रान पेटते आणि चेहऱ्यावर लाल जन्मखूण असलेला एक लहानगा त्यानंतर पुन्हा दिसत नाही. तो कोठे गेला, असे पिगी विचारतो. राल्फ ओशाळून, तो परत खाली गेला असेल, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो. लहानग्यांची मोजदाद त्या दिवशी झाली नाही आणि नंतरही कधी झाली नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता ज्या प्रसंगासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, त्याकडे येतो. शिकारीच्या नादात जाळ विझतो, नेमके त्याच वेळी क्षितिजावरून जहाज निघून जाते आणि राल्फ सभा बोलावतो. ही सभा गमतीची नाही, कामाची आहे, असे त्याने मनाशी ठरवलेले असते; करवंट्यांत पाणी भरून ठेवणे, झोपड्या, शौचाची जागा, जाळ, असे मुद्दे तो वाटेत चालताना मनात जुळवतो. ते बोलतोही नीट. पण सभा संध्याकाळी घेतलेली असते, ही चूक त्याला स्वतःलाच जाणवते, आणि अंधार पडत असताना तो भीतीचा विषय काढतो. बेटावर श्वापद आहे का, भुते आहेत का, यावर चर्चा सुरू होते. शेवटी भुतांच्या अस्तित्वावर चक्क मतदान घेतले जाते, आणि तेही अशा काळोखात की वर झालेले हात मोजताही येऊ नयेत. नियमांना कोण विचारतो, असे जॅक ओरडतो आणि सभेतली मुले किंचाळत किनाऱ्यावर पळत सुटतात.

पिगी म्हणतो, शंख फुंक. राल्फ फुंकत नाही. त्याचा युक्तिवाद असा, की मी फुंकला आणि ती आली नाहीत, तर सगळेच संपले. जाळ राहणार नाही आणि आपण जनावरांसारखे होऊ. पिगीचे उत्तर असे, की फुंकला नाहीस तर थोड्या वेळात आपण जनावरे होऊच. राल्फ म्हणतो, मी प्रमुखपद सोडतो. त्यावर पिगी घाबरून जे सांगतो, ते कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात इतके उघडपणे लिहिलेले मी वाचलेले नाही: तू बाजूला झालास तर जॅक तुला दुखवणार नाही, तुझ्या शेजारी जो उभा आहे त्याला, म्हणजे मला दुखवील. दुबळ्या माणसाला प्रमुख कशासाठी लागतो, हे त्या दमेकरी मुलाला कळले होते. प्रमुखाला कळले नव्हते. आपला शब्द चालतो की नाही याची परीक्षाच होऊ नये, अशी त्याची इच्छा होती.

आपल्याकडे शंखाला देवघरात जागा आहे आणि 'शंखध्वनी करणे' याचा दुसरा अर्थ शिमग्याला बोंब मारणे असाही आहे. वर्गात हा विनोद मी दरवर्षी करत असे आणि मुले हसत. पण त्या वाक्यापाशी, म्हणजे 'फुंकला आणि ती आली नाहीत तर', या वाक्यापाशी मी दरवर्षी अडखळत असे, आणि त्याचे कारण पुस्तकात नव्हते.

१९७६ साली मी वीस वर्षांचा होतो आणि एका पेठेतल्या लहानशा गणेश मंडळाचा अध्यक्ष होतो. अध्यक्ष झालो ते मी कॉलेजात जात होतो, उंच होतो आणि परवान्याचे अर्ज नीटनेटके लिहू शकत होतो म्हणून. मंडळाचा खरा हिशेब एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करणारा, सोलापूरकडून नुकताच वाड्यात राहायला आलेला एक मुलगा ठेवत असे. तो बोलताना अडखळे. त्याला एक टोपणनाव पडलेले होते आणि ते मी पाडलेले होते. विसर्जनाच्या रात्री मानाचे पाचही गणपती जाऊन बराच वेळ झाल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, आमचा गाडा लक्ष्मी रस्त्यावर लागला. भुरभुर पाऊस होता, मुले दिवसभराची दमलेली होती आणि तरी थांबायला तयार नव्हती. ढोलाचा ठेका चढत गेला, रिंगण झाले आणि कोणीतरी त्या मुलाला ओढून रिंगणाच्या मधे नेले. गुलाल डोळ्यांत गेला तेव्हा तो ओरडला. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा तो ओरडला, तेव्हा ठेका आणखी वाढला.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. मिरवणुकीत अध्यक्षाने शिट्टी मारली की ढोल थांबायचे, हा आमचा नियम होता आणि त्या रात्री तो चार-पाच वेळा पाळलाही गेला होता. मी शिट्टी तोंडात धरली. ती मारली आणि ढोल थांबले नाहीत, तर उद्यापासून मला कोण विचारणार, असे माझ्या मनात आले. हे इतक्या स्पष्ट शब्दांत आले, की आज पन्नास वर्षांनीही मी ते तसेच सांगू शकतो. मी शिट्टी सोडली आणि रिंगणात शिरून नाचू लागलो. बाहेर उभे राहण्यापेक्षा आत असणे बरे वाटत होते.

म्हणून कादंबरीत पुढे जे येते, त्याने मला कधी धक्का बसला नाही. एका शिकारीत राल्फचा भाला रानडुकराच्या नाकाडावर बसतो आणि जाळ, सुटका, झोपड्या हे सगळे विसरून, मी मारला, माझा लागला, असे तो ज्याला त्याला सांगत सुटतो. त्यानंतर मुले गंमत म्हणून एका मुलाला डुक्कर करतात, त्याच्याभोवती कोंडाळे करून त्याला टोचू लागतात. तो खरोखर रडू लागला तरी कोणी थांबत नाही, आणि त्या गर्दीत राल्फही त्याच्या अंगापर्यंत पोहोचण्यासाठी धक्काबुक्की करत असतो. आणि मग वादळाची ती रात्र. श्वापद म्हणजे डोंगरावर अडकलेले, हवाई छत्रीला बांधलेले एका वैमानिकाचे प्रेत आहे, हे एकट्या सायमनला कळलेले असते. ते सांगायला तो रानातून खाली येतो आणि नाचणारी मुले त्यालाच श्वापद समजून ठार करतात. त्या वर्तुळात राल्फ आणि पिगी दोघेही होते. बाहेर विजा कडकडत होत्या आणि आत निदान सोबत होती, असा त्यांच्या तिथे जाण्याचा हिशेब गोल्डिंग देतात. चौकटीत 'सभ्यता' ज्याच्या नावापुढे लिहिली आहे, तो मुलगा एका निरपराध मित्राच्या हत्येच्या वेळी तेथे हजर होता, ही गोष्ट आपल्या लेखात एका शब्दानेही आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राल्फ पिगीला सांगतो, की तो खून होता. बेटावरच्या इतक्या मुलांत हा शब्द उच्चारणारा तो एकटा आहे. पिगी, जो एरवी तर्काने बोलणारा, तोच आता अंधार होता, पाऊस होता, तो अपघात होता, अशा सबबी पुढे करतो. थोड्या वेळाने सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ येतात आणि चौघेही एकमेकांची नजर चुकवत सांगतात, की आम्ही नाच सुरू होण्याआधीच तेथून निघालो होतो. महाभारत वाचलेल्या माणसाला येथे धर्मराज आठवावा. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द त्याने हळू आवाजात उच्चारले आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ मातीला टेकला, असे व्यासांनी सांगितले. राल्फ तर आधी पूर्ण सत्य मोठ्याने बोलतो आणि मग माघार घेतो. त्याचा रथ एकाच सकाळी वर जातो आणि खाली येतो. मला विचाराल, तर कादंबरीतला सर्वांत खरा भाग हाच आहे. सत्य माहीत नसल्यामुळे खोटे बोलणारे फार थोडे असतात. सत्य एकदा तोंडातून निघून गेल्यावर, समोर आणखी दोन माणसे आली म्हणून ते गिळणारे आपण बहुतेक सारे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे, कारण हल्ली ही कादंबरी निघाली की कोणीतरी तो घेतोच. १९६५ साली टोंगा देशातील सहा शाळकरी मुले होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि 'आता' नावाच्या निर्जन बेटाला लागली. तेथे ती सुमारे पंधरा महिने एकोप्याने राहिली, त्यांनी पेटवलेला जाळ विझू दिला नाही, भांडण झाले की भांडणाऱ्यांनी राग शांत होईपर्यंत दूर जाऊन बसायचे असा नियम केला आणि १९६६ साली एका ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना सुखरूप परत आणले. तेव्हा गोल्डिंग खोटे ठरले, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. ते सहा जण आधीपासूनचे मित्र होते, एका शाळेचे होते, आणि सहाच होते. त्यांत निवडणूक नव्हती, हरलेला उमेदवार नव्हता आणि कोणाच्या मागे कवायत करणारी पलटण नव्हती. त्या मुलांविषयी मला अपार आदर आहे. पण राल्फपुढचा पेच निराळा होता: अनोळखी गर्दीने आपल्याला पुढे केले आहे, आणि आपण पुढे आहोत ते केवळ गर्दी तसे मानते म्हणून.

त्याच ओघात 'रानटी' या शब्दाविषयी. आपण तो फार सैलपणे वापरतो. रानात राहणाऱ्या माणसांचा या कादंबरीशी काही संबंध नाही. तीत तोंडाला रंग फासून भाले घेऊन धावणारी मुले चर्चमध्ये स्तोत्रे गाणारी, उत्तम शाळांतली, युरोपीय मुले आहेत. आपल्या लेखासोबतच्या चित्रात जॅकच्या डोक्यावर पिसांचा मुकुट का काढला आहे, हे चित्रकारालाच ठाऊक.

उत्तरार्धात राल्फच्या मनावर मधूनमधून पडदा उतरू लागतो. बोलता बोलता तो थांबतो. जाळ कशासाठी ठेवायचा, हेच त्याला आठवत नाही आणि 'सुटका' हा शब्द पिगीला त्याला पुरवावा लागतो. केस वाढले आहेत, नखे खाऊन संपली आहेत, दात घासायचे राहून गेले आहे, अशा गोष्टींनी तो कासावीस होतो आणि डोळे मिटले की त्याला बालपणीचे घर, बाहेरची तट्टे आणि साय घातलेला झोपण्यापूर्वीचा कॉर्नफ्लेक्सचा वाडगा दिसतो. सभ्यता म्हणजे काय, असे त्याला कोणी विचारले असते तर बहुधा त्याने हीच यादी सांगितली असती. आंघोळ, कात्री, ब्रश, साय. यादी वाईट नाही. पण तिच्यात पिगीचे खरे नाव नाही आणि हरवलेला लहानगाही नाही.

जॅकची टोळी पिगीचा चष्मा पळवून नेते, तेव्हा तो परत मागायला हे चौघे जातात. आपणही तोंडे रंगवू, असे जुळे भाऊ सुचवतात आणि राल्फ ओरडून नकार देतो. मला त्याची ही जिद्द अतिशय आवडते. सर्व दोष पदरी असलेला, रात्रीच्या नाचाची आठवण मनात असलेला हा मुलगा, तोंडाला रंग लावायचा नाही एवढ्या एका गोष्टीवर अडून बसतो. तेथे जॅकच्या टोळीतला रॉजर वरून शिळा ढकलतो, पिगी मरतो, शंखाचा चुरा होतो. त्यानंतर सारे बेट राल्फच्या पाठीमागे लागते. पळताना त्याला खांबावर टोचलेली डुकराची कवटी भेटते, तो ती फोडतो आणि तोच खांब उपटून भाला म्हणून हाती घेतो, जाळीत लपून बसल्यावर जवळ येणाऱ्याला भोसकतो. सभ्यतेने त्याला सोडले की त्याने तिला, हा प्रश्न मी परीक्षेत एकदा घातला होता. उत्तरे वाचल्यावर पुन्हा घातला नाही. सर्व विद्यार्थ्यांनी गाईडातला एकच परिच्छेद लिहिला होता.

शेवट सर्वांना माहीत आहे. राल्फला बाहेर काढण्यासाठी जॅकने लावलेल्या वणव्याचा धूर पाहून युद्धनौका येते. जो धूर राल्फने महिनोन्महिने मागितला, तो त्याला मारण्यासाठी निघालेल्यांनी दिला. किनाऱ्यावर नौदलाचा अधिकारी विचारतो, तुमच्यात प्रमुख कोण? लाल केसांचा, फाटक्या टोपीतला, कमरेला पिगीच्या चष्म्याचे अवशेष लटकवलेला एक मुलगा पुढे होऊ लागतो आणि पुन्हा जागच्या जागी उभा राहतो. राल्फ मोठ्याने म्हणतो, मी. कोणी मेले का, असे विचारल्यावर तो दोन म्हणतो. जन्मखुणेचा लहानगा या आकड्यात नाही. एकूण किती आहात, याला त्याच्यापाशी उत्तर नाही, तो मान हलवतो. इंग्रज मुलांनी याहून बरे वागायला हवे होते, असे अधिकारी म्हणतो. मग राल्फ रडतो, आणि ज्या मित्रासाठी रडतो, त्याचा उल्लेख लेखक त्या क्षणीही त्याच नावाने करतो, जे राल्फने भर सभेत फोडले होते.

त्या 'मी'साठी, आणि फक्त त्यासाठी, मी राल्फला नेता म्हणतो. त्या वेळी ते पद मिरवण्यासारखे राहिले नव्हते. ते बोलून दाखवणे म्हणजे दोन मृत्यू, एक विसरलेला मृत्यू आणि जळणारे बेट आपल्या नावावर मांडून घेणे होते. आणि ज्याने ते पद हिसकावून घेतले होते, तो शेजारीच गप्प उभा होता. नेतृत्वाच्या शिबिरांतून मुलांना राल्फ सांगायचा असेल, तर त्याने पहिल्या दिवशी फुंकलेल्या शंखाची गोष्ट थोडी कमी सांगावी आणि हा शब्द, तसेच त्या अंधाऱ्या संध्याकाळी न फुंकलेला शंख, या दोन्ही गोष्टी अधिक सांगाव्यात, अशी माझी लेखकमहाशयांना विनंती आहे. ती चौकट मात्र पुढच्या वेळी छापू नये.

त्या रात्री आमच्या त्या मुलाचे मनगट गाड्याच्या चाकाशी सापडून मोडले. सकाळी मांडवात जो तो सांगत होता, की अलका टॉकीजच्या चौकाच्या कितीतरी आधी आपण घरी गेलो होतो; मीही तेच सांगितले. चार दिवसांनी सोलापूरहून त्याचे वडील आले. पायांत वहाणा, खांद्यावर पिशवी, रात्रभराच्या प्रवासाने सुजलेले डोळे. त्यांनी मुलाचे नाव घेऊन विचारले, की हा तुमच्याच मंडळात होता ना. आम्ही एकमेकांकडे पाहिले, कारण ते नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेले नव्हते. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारले, तुमचे अध्यक्ष कोण? मी मांडवाची कनात सोडण्यासाठी शिडीवर चढलेलो होतो. शिट्टी अजून गळ्यातच होती. मी ती सदऱ्याच्या आत टाकली आणि दोरीची गाठ सोडवत राहिलो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे